अठ्ठाविसावी ओळ

"थुंका, मावशी."

"बाई, उगं चेष्टा नका करू."

"चेष्टा नाही. या नळीत थुंकायचं. जोर लावू नका. मान खाली घालून बसा, लाळ साचू द्या आणि हळूच सोडा."

कौसामावशींनी नळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. सकाळचे आठ वाजले होते. ओपीडी उघडायला अजून तासभर होता आणि दातांच्या खुर्चीत त्या पाहुण्याच्या घरी आल्यासारख्या अंग चोरून बसल्या होत्या. बावीस वर्षं त्यांनी ती खुर्ची रोज पुसली होती, पण तिच्यात बसल्या मात्र त्या दिवशी पहिल्यांदा.

"बावीस वरीस झालं मी पेशंटाच्या मागं लागलेय. जिन्यात थुकू नका, भिंतीवर थुकू नका, बेसिनात थुकू नका. आन आज तुमी मलाच थुक म्हणायलाव!"

"नळीत म्हणतेय मी. जिन्यात नाही."

त्या हसल्या. मीही हसले असेन. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला हसायचाही कंटाळा येत असे.

आमचं दंतमहाविद्यालय मराठवाड्यात, महामार्गावर, गावापासून सहा किलोमीटर लांब. मी तिथं मुखरोग विभागात एमडीएसच्या शेवटच्या वर्षाला होते आणि तीन वर्षं लोकांची थुंकी गोळा करत होते. माझ्या प्रबंधाचा विषयच तो. गुटखा, तंबाखू, सुपारी खाणाऱ्यांच्या तोंडात कॅन्सर व्हायच्या आधी कधी पांढरे चट्टे येतात, कधी गाल आतून ताठर होत जातात आणि तोंड उघडेनासं होतं. कापलेलं वांगं हवेनं काळं पडतं, लोखंड गंजतं, तसला काहीतरी प्रकार शरीरातही आतल्या आत चालू असतो आणि तंबाखूनं तो वाढतो. त्याची खूण लाळेत उतरते. लाळेत एक रसायन घालून नळी उकळत्या पाण्यात ठेवली की ती खूण गुलाबी रंग होऊन दिसते. गंज जितका जास्त तितका रंग गडद, आणि यंत्र त्या रंगाचा आकडा देतं. चट्टेवाले तीस, तोंड न उघडणारे तीस आणि तुलनेला निरोगी तीस, असा माझा हिशेब होता.

आजारी साठ माणसं मला चार महिन्यांत मिळाली. निरोगी तीस शोधता शोधता नाकी नऊ आले. चाळिशीच्या पुढचं, कसलंही व्यसन नसलेलं माणूस आमच्या भागात दिवा घेऊन शोधावं लागे. सत्तावीसवर येऊन मी थकले होते. तेव्हा मावशी आपणहून म्हणाल्या, "मला घ्या की. म्या जल्मात तंबाखूचा कण खाल्लेला न्हाई."

त्यावर शंका घ्यायचं कारणच नव्हतं. आमच्या ओपीडीत पेशंट डॉक्टरांना भीत नसत, मावशींना भीत. त्या दारात उभ्या राहायच्या आणि आत येणाऱ्याचा गाल फुगलेला दिसला की, "काय हाय तोंडात? आदी थुका ते. लाज वाटती का? घरी लेकरं हायत का?" असा पट्टा सुरू व्हायचा. एकदा एका सरपंचाच्या खिशातून त्यांनी पुड्यांची माळ ओढून काढली होती. असली आया आमच्याकडं आहे याचा आम्हाला अभिमान होता.

तरी कागद भरायचा म्हणून मी विचारलं, "तंबाखू खाता?"

"न्हाई."

"गुटखा? सुपारी?"

"बाई, तुमी तर रोज बगताव मला."

"विडी?"

"अगं बया!" त्यांनी पदर तोंडाला लावला.

मी त्यांचं तोंड उघडून टॉर्च मारली. तीन बोटं उभी मावली, म्हणजे तोंड नीट उघडत होतं. दोन्ही गाल गुळगुळीत, जीभ स्वच्छ, टाळू ठीक. दात जरा काळपट होते, पण या वयात कुणाचे नसतात? मी 'नॉर्मल'च्या चौकटीत खूण केली आणि खाली सही ठोकली.

"माजा नंबर कितवा?" त्यांनी विचारलं.

"अठ्ठावीस."

"आन त्यो पुस्तकात छापणार?"

"छापणार. काळ्या कव्हराचं, सोनेरी अक्षरांचं पुस्तक होईल. त्यात शेवटी मोठा तक्ता असतो. त्यात तुमची ओळ."

"मग मला दावायची," त्या म्हणाल्या. "विंग्रजी येत न्हाई मला, पर आकडे येतेत. रोज केसपेपर काडते मी." मी हो म्हटलं. त्या महिन्यात मी सगळ्यांनाच हो म्हणत होते.

उरलेले दोघेही मिळाले आणि जानेवारीत नमुने तपासायला घेतले. निरोगी गटाच्या नळ्या उकळून रांगेत लावल्या, तेव्हा लॅबमधले बिराजदार म्हणाले, "मॅडम, ही या गटातली नाही. लेबल चुकलंय."

एकोणतीस नळ्या पाण्याला जेमतेम रंग चढावा तशा फिकट होत्या आणि मधेच एक गुलाबी. लेबल चुकलं नव्हतं. राखून ठेवलेल्या लाळेवर आम्ही परत सगळं केलं आणि परत तीच गुलाबी. निरोगी माणसांचा आकडा एकच्या आसपास येत होता, हिचा आला २.४.

माझे मार्गदर्शक डॉ. हिंगमिरे. माणूस कमी बोलणारा आणि कमी हसणारा. त्यांनी आकडा पाहिला आणि विचारलं, "कोण आहे ही?"

"आपल्या कौसामावशी."

"बोलावून घे आणि तोंड परत बघ. नुसत्या आकड्यावरून काही ठरत नाही. हिरड्या खराब असतील, साखर असेल. पण बघ."

"हो सर."

बाहेर आले तर मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. आठ दिवसांची रजा. मला काय वाटलं ते आज लपवण्यात अर्थ नाही. मला हायसं वाटलं. प्रबंध जमा करायला अकरा दिवस उरले होते. तोंडात काही निघालं असतं, तर 'तपासलं, नॉर्मल' या ओळीखालची सही माझी होती. नवा निरोगी माणूस शोधा, नवी नळी, नवं गणित, आणि सरांसमोर मान खाली. मी आठ दिवस थांबले. नवव्या दिवशी मावशी परत आल्या, नातीचे पेढे वाटत फिरल्या, मलाही पेढा दिला. तोंड बघायला दोन मिनिटं लागली असती. मी पेढा खाल्ला आणि छपाईवाल्याकडं गेले.

सरांना सांगितलं की नमुन्यात रक्त मिसळलं होतं, तो बाद करावा लागला. त्यांनी माझ्याकडं क्षणभर पाहिलं. "तोंड पाहिलंस?"

"पाहिलं सर. ठीक आहे."

"मग एकोणतीस लिही."

सगळ्यात वाईट म्हणजे त्या एका आकड्यानं निष्कर्षाचं काही बिघडत नव्हतं. तो ठेवला असता तरी माझा प्रबंध उभाच राहिला असता. मला फक्त तक्ता नेटका हवा होता आणि घरी जाऊन झोपायचं होतं. अठ्ठावीस नंबर उडाला, एकोणतीसचा अठ्ठावीस झाला, तिसाचा एकोणतीस. माझं घोडं एकदाचं गंगेत न्हालं.

फेब्रुवारीत पुस्तकं बांधून आली. मी विभागात ठेवते न ठेवते तोच मावशी हजर. हात धुऊन, पदराला पुसून आल्या होत्या.

"दावा माजा नंबर."

मी शेवटची पानं उघडली. निरोगी गटाच्या रकान्यांवरून त्यांचं बोट खाली खाली सरकत गेलं. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस. अठ्ठाविसावर थांबलं. ती ओळ एका चव्वेचाळीस वर्षांच्या पोस्टमनची होती. माळकरी माणूस, सुपारीही न खाणारा.

"ही मी?"

मी काहीतरी सांगू शकले असते. छपाईत चुकलं, नंबर बदलले, काहीही. "हो," मी म्हणाले.

"कितीय?"

"शून्य पॉइंट नऊ."

"चांगलं हाय का?"

"चांगलं आहे, मावशी."

त्यांनी पुस्तक उचललं आणि सगळ्या विभागाला दाखवून आणलं. दारातल्या पेशंटांनाही. एका गुटखेवाल्याला म्हणाल्या, "ही बग माजी ओळ. तुजी ह्याच्यात असती तर काय आलं असतं, सांग!" मी खिडकीतून बाहेर बघत बसले. लाज वाटत होती, पण त्याहून जास्त झोप येत होती.

पुढं मी परीक्षा पास झाले आणि तिथंच अधिव्याख्याता म्हणून लागले. मावशी रोज समोर होत्या. रोज खुर्ची पुसायच्या, रोज कुणाच्या तरी खिशातून पुड्या काढायच्या. उन्हाळ्यानंतर त्यांचा आवाज जरा कमी झाला होता. आता आठवतं तेव्हा कळतं की त्या पदर तोंडापाशी धरून बोलत होत्या.

दसरा झाल्यावर एका दुपारी, ओपीडी रिकामी झाल्यावर, त्या माझ्यापाशी आल्या.

"बाई, खालच्या व्हटाला आतनं कायतरी टोचायलंय. भाकर खाताना लई झोंबतं."

त्या खुर्चीत बसल्या, या वेळी अंग न चोरता. मी हातमोजे घातले आणि खालचा ओठ दोन बोटांनी बाहेर उलटा केला.

ओठ उलटायचा. पहिल्या वर्षाच्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात, की तपासणी ओठापासून सुरू करायची, ओठ उलटून. त्या सकाळी आठ वाजता मी गाल पाहिले, जीभ पाहिली, टाळू पाहिला. ओठ उलटला नव्हता.

ओठ आणि हिरडी यांच्या खोबणीत जाड, सुरकुतलेला पांढरा पट्टा होता, आणि त्याच्या मधोमध एक जखम. मी बोटानं चाचपली. कडा दगडासारखी लागली. पट्ट्याभोवती हिरडीवर काळपट थर होता.

"मावशी, इथं तुम्ही काय लावता?"

"कुटं? तितं? मिसरी."

"मिश्री!"

"दात घासायला. समदेच लावतेत की." त्यांनी कमरेच्या पिशवीतून बोटभर डबी काढली आणि झाकण उघडून माझ्यापुढं धरली. काळी भुकटी. तव्यावर काळाकुट्ट होईतो भाजलेला तंबाखू. त्याचा वास मला लहानपणापासून माहीत होता. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायाबापड्या दारात बसून हेच लावायच्या.

"दिवसातनं किती वेळा?"

"चार-पाच बार. जास्तीबी व्हतं कामात. लावून ठिवलं की डोस्कं हलकं ऱ्हातं."

"मावशी, हा तंबाखूच आहे. तुम्ही मला म्हणालात, तंबाखू खात नाही."

"मग न्हाईच खात," त्या म्हणाल्या. त्यांना खरंच कळत नव्हतं. "तंबाखू खात्यात, बाई. मिसरी लावत्यात. तुमी खाता का इचारलं. दात कशानं घासता, आसं कुटं इचारलं?"

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्या विभागात बावीस वर्षं होता. दुसऱ्याच्या खिशातल्या पुड्या उपसणारी बाई कमरेला डबी लावून फिरत होती, आणि आम्हा एकाही डॉक्टरला तिला विचारावंसं वाटलं नव्हतं.

"कधीपासून आहे हे?"

"खरखरीत शिमग्यापासून लागायलंय. दुखायलंय आता महिनाभर."

"शिमग्यापासून!" माझा आवाज चढला. "रोज माझ्यासमोर असता तुम्ही. एकदा दाखवायचं होतं ना!"

मावशी गोंधळल्या. मी त्यांना पहिल्यांदाच रागावले होते.

"पुस्तकात चांगलं व्हतं न्हवं, बाई?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आपलं तोंड तपासलेलं हाय. ह्ये उगं उष्णतेचं आसंल."

मी हातमोजे काढले. बेसिनकडं वळून बराच वेळ हात धूत राहिले.

तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर होता. जानेवारीत तो तिथं होता का, की नुसता पांढरा पट्टा होता, हे मला कधीच कळणार नाही. नुसता पट्टा असता, तर मिश्री सोडवून आणि तो पट्टा काढून भागलं असतं, असं आमची पुस्तकं सांगतात. आता मोठ्या शहरात नेऊन त्यांचा निम्मा खालचा ओठ, पुढचे दात आणि जबड्याच्या हाडाची कड काढली, मानेतल्या गाठी काढल्या, मग किरणांचे शेक दिले.

त्या शेक घेत असताना मी एक दिवस हिंगमिरे सरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. रक्त मिसळलं नव्हतं. तोंड पाहिलं नव्हतं. पोस्टमनच्या ओळीवर मावशींना बोट ठेवू दिलं होतं. सर ऐकत राहिले. त्यांनी टेबलावरचा कागद सरळ केला, परत सरळ केला.

"नऊ महिने," ते म्हणाले.

"हो सर."

"विद्यापीठाला काय कळवायचं ते मी बघतो. मला सांगून मोकळी होऊ नकोस तू. तिला सांग."

हे वाक्य मला त्यांच्या तोंडून नको होतं. त्यांनी रागवावं, पदवी काढून घ्यायची धमकी द्यावी, असं वाटत होतं. ते सोपं गेलं असतं.

मावशी घरी आल्यावर मी त्यांच्या वस्तीत गेले, पिशवीत माझी प्रबंधाची प्रत घेऊन. त्या दारातल्या बाजेवर उन्हात बसल्या होत्या. चेहरा खालून आखूड झाला होता. लाळ सतत गळायची म्हणून हातात फडकं. मला बघून डोळ्यांनी हसल्या आणि लेकीला चहा ठेवायची खूण केली.

"चहा नको," मी म्हणाले. "मावशी, तो अठ्ठावीस नंबर तुमचा नव्हता."

त्यांनी फडक्यानं लाळ टिपली.

"तुमची लाळ गुलाबी आली होती. लई. सरांनी सांगितलं होतं तुमचं तोंड परत बघायला. मी बघितलं नाही. मला पुस्तक द्यायची घाई होती. तुमची ओळ काढून टाकली आणि दुसऱ्याची तुम्हाला दाखवली. मला माहीत होतं, मावशी. शिमग्याच्या आधीपासून माहीत होतं."

लेक आत स्टोव्हपाशी थांबली होती. तिनं ऐकलं असणार, कारण स्टोव्हचा आवाज बंद झाला.

मावशी रडल्या नाहीत. मी रडले, आणि त्यांनी मला गप्पही केलं नाही. त्यांनी हात पुढं केला. मला वाटलं, फडकं मागतायत. त्यांना पुस्तक हवं होतं. मी दिलं. त्यांनी ते मांडीवर ठेवून मागून उघडलं आणि पान आपणच शोधलं. बोट सरकत सरकत अठ्ठाविसावर आलं, तिथं न थांबता खाली गेलं. एकोणतीस. मग रेघ, आणि तक्ता संपला. बोट त्या कोऱ्या जागेवर येऊन थांबलं.

"हितं," त्या म्हणाल्या. निम्मा ओठ नसल्यानं शब्द फुटके येत होते, पण मला कळलं. "हितं लिवा."

मी पेन काढलं. तक्त्याच्या रेघेखाली, हातानं लिहिलं. तीस. स्त्री. वय त्रेपन्न. मग आठवलं की तेव्हा बावन्न होतं, ते खोडून बावन्न केलं. सवयीच्या रकान्यात छापील पर्याय नव्हता, तिथं 'मिश्री, दिवसातून चार-पाच वेळा' असं लिहिलं. शेवटच्या रकान्यात २.४.

त्यांनी ती ओळ बोटानं डावीकडून उजवीकडं पाहिली. वरची शून्य पॉइंट नऊची पाहिली, परत खालची पाहिली.

"चांगलं हाय का?"

"नाही, मावशी."

त्यांनी मान हलवली. फडक्यानं हनुवटी पुसली, शाईवर लाळ पडू नये म्हणून पुस्तक जरा लांब धरलं आणि वाळेपर्यंत तसंच धरून बसल्या.

"आता माजं हाय," त्या म्हणाल्या, आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.